छापा, काटा आणि भिंग

बसमध्ये कंडक्टरने सुट्टे परत दिले की सभ्य माणूस ते न बघता खिशात टाकतो. मीही टाकायचो. आता मी दांड्याला कोपर अडकवून उभा राहतो, चष्मा कपाळावर चढवतो आणि एकेक नाणं डोळ्यांच्या चार बोटं पुढे धरून सालाच्या खाली काय आहे ते बघतो. मागून कोणीतरी म्हणतंच, "ओ काका, सरका पुढे. चालतात ती, खोटी नाहीत."

खोटी नाहीत हे मलाही कळतं. माझी अडचण नेमकी त्याच्या उलट आहे.

सुरुवात मेहुण्याने केली. आमच्या घरातल्या बहुतेक आजारांची साथ त्याच्या फोनवरून येते. "भाऊजी, वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं असेल तर सांभाळून ठेवा. लाखात जातंय." आमच्या देवघरातल्या वाटीत ते होतं. २०१२ साल घातलेलं, श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवाचं. मी ते वाटीतून काढून कपाटात, कपाटातून लॉकरमध्ये हलवलं. मग कळलं की शेजारच्यांकडे तसली चार आहेत आणि त्यांच्या वॉचमनकडे दोन. घेणारा मात्र फोनवरच होता आणि लाख रुपये देण्याआधी त्याला आपल्याकडूनच नोंदणीची फी हवी होती. असल्या लोकांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच सांगून ठेवलंय. फी मी भरली नाही, एवढं माझ्या बाजूने नोंदवून ठेवा. पण तोवर टांकसाळीत चुकून वेगळी छापली गेलेली, हौशी लोक जास्त मोल देतात अशी नाणी शोधायची खोड लागली होती. ती फुकट होती, म्हणून सुटली नाही.

पहिला धडा टांकसाळीच्या खुणेचा. सालाखाली छोटा हिरा असेल तर नाणं मुंबईचं, तारा असेल तर हैदराबादचं, गोल टिंब असेल तर नोएडाचं. हे पाठ करून मी चिल्लरचा डबा उपडा केला, तर तिसऱ्याच नाण्याखाली काहीच नाही. ना हिरा, ना तारा, ना टिंब. कोरी जागा. टांकसाळवाले खूण मारायलाच विसरले होते आणि ते सापडलं होतं मला! दोन रात्री ते नाणं रुमालात गुंडाळून उशीखाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी वाचलं की कोलकात्याची टांकसाळ खूण मारतच नाही. खूण नसणं हीच त्यांची खूण. देशाच्या चलनात इतकं तत्त्वज्ञान असेल असं वाटलं नव्हतं.

पण खरी शोभा झाली ती एका रविवारी दुपारी. फिरलेला ठसा नावाचा एक प्रकार असतो. छापा आणि काटा यांचे ठसे, म्हणजे नाणं छापायचे साचे, एकमेकांशी जुळवून बसवलेले असतात. त्यातला एक सैल होऊन फिरला की नाण्याची एक बाजू दुसरीच्या मानाने तिरकी किंवा पार उलटी येते. तपासायची रीत एका व्हिडिओत बघितली होती. सिंह सरळ धरायचे आणि नाणं उलटायचं. मी ओळीने ३७ नाणी मांडली. पहिलं उलटलं. पाचचा आकडा खाली डोकं वर पाय. दुसरं उलटलं. तेही शीर्षासनात. दहाव्या नाण्याला माझ्या हाताला घाम फुटला. विसाव्याला मी दार आतून लावून घेतलं. सदतिसावं उलटल्यावर मनात दोनच शक्यता उरल्या होत्या. एकतर देशातल्या चारही टांकसाळी अनेक वर्षं झिंगून काम करत होत्या, नाहीतर मी श्रीमंत होतो. मी दुसरी धरली.

मुलीने दार वाजवून वाजवून उघडायला लावलं, मिनिटभर बघितलं आणि विचारलं, "बाबा, तू नाणं पोळीसारखं का उलटतोयस?"

"मग कसं उलटायचं?"

"पुस्तकाच्या पानासारखं."

तिने एक नाणं दोन बोटांत उभं धरलं आणि डावीकडून उजवीकडे फिरवलं. आकडा ताठ उभा. दुसरं, ताठ. सगळे आकडे प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांसारखे सरळ. आपली नाणी पानासारखीच उलटायची असतात. व्हिडिओ होता अमेरिकेचा, आणि तिथली नाणी मुळातच पोळीसारखी उलटायची असतात. म्हणजे त्या दुपारी मी ३७ डॉलरचा मालक असतो, तरीही हाती काहीच लागलं नसतं.

त्यानंतर दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणलं आणि आयुष्यातलं उरलंसुरलं स्वास्थ्य गेलं. भिंगाखाली प्रत्येक नाणं संशयित दिसतं. अक्षरं दुहेरी दिसायला लागतात. आता दुहेरीतही दोन जाती. ठसा बनतानाच अक्षर दोनदा उमटलं असेल तर दोन्ही अक्षरं गोलसर, उठावदार दिसतात आणि त्यांच्या कोपऱ्याला खाच पडते. हे मोलाचं. छापताना ठसा नुसता थरथरला असेल तर अक्षराच्या कडेला सपाट पायरी दिसते. याला कोणी विचारत नाही. आजवर मला दिसल्या त्या पायऱ्याच. एखादा घाट बांधून होईल इतक्या.

चुंबकही आणलं होतं. एक रुपया चिकटला, दोन रुपये चिकटले नाहीत, म्हणून चुकीच्या धातूवर छापलंय असं घरभर सांगून झालं. ते जुनं, तांबं-निकेलचं निघालं. न चिकटणं हा त्याचा धर्मच.

दहाच्या नाण्याची गोष्ट मात्र हसण्यावारी नेववत नाही. कोणावर रुपयाचं चिन्ह आहे, कोणावर नाही, कोणाच्या किरणांच्या रेघा दहा, कोणाच्या पंधरा. एवढ्यावरून लोकांनी नाणी नाकारली. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की १४ तऱ्हेची दहाची नाणी काढलीत आणि चौदाही चालतात. गंमत अशी की ज्या नाण्याला भाजीवाली "नको बाई, नकली आहे" म्हणून हात लावत नव्हती, तेच मेहुणा "दुर्मिळ आहे" म्हणून जपून ठेवत होता. आपल्याकडे वेगळं दिसणारं नाणं एकतर खोटं असतं, नाहीतर लाखाचं. नुसतंच वेगळं असायची त्याला मुभा नाही.

अखेर नाण्यांच्या एका प्रदर्शनात गेलो. सोबत माझा हुकमाचा एक्का होता, १९८५ चा एक रुपया, सालाखाली 'एच' अक्षर असलेला. त्या साली आपली काही नाणी बाहेर पाडून आणली होती आणि 'एच' ही बर्मिंगहॅमच्या हीटन कंपनीची खूण. नाणं अगदी लखलखत होतं. व्यापाऱ्याने ते कडेने उचललं, दिव्याखाली तिरकं केलं आणि नातेवाइकाची वाईट बातमी सांगावी तशा आवाजात विचारलं, "साहेब, हे घासलं कुणी?"

आईने. "किती कळकट झालंय रे," म्हणून चिंच आणि मीठ लावून, माझ्यासाठी, प्रेमाने.

"राहू द्या. घासलं की मोल गेलं. आठवण म्हणून ठेवा," तो म्हणाला. मग माझा चेहरा बघून त्याने आपल्या पेटीतलं एक नाणं दाखवलं. एका बाजूला उठावाचं चित्र आणि मागे तेच चित्र, खोल गेलेलं आणि आरशातल्यासारखं उलटं. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं आणि पुढच्या चकतीवर त्याचाच ठसा बसला. "याला आमच्यात लखी म्हणतात. अशी गोष्ट ओळखायला भिंग लागत नाही. ज्याला भिंग लागतं ना साहेब, ते बहुतेक वेळा खर्चून टाकायचं."

तेव्हापासून मी खर्चतोय. डब्यात २३०० रुपयांच्या आसपास चिल्लर साठली होती. "एकदाचं लाइटबिल भरा यातून," बायको म्हणाली. पण एका वेळी हजारापुढे नाणी घ्यायचं बंधन कायद्याने कुणावर नाही, हे मी तिला वाचून दाखवलं. तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी रोज बसने जायला लागलो.

परवा तिकिटासाठी दोन रुपयांचं एक नाणं दिलं. १९९६ चं, नकाशाचं, अकरा बाजूंचं. आदल्या रात्री भिंगाखाली दोनदा तपासून मीच बाद केलेलं. कंडक्टरने ते घेतलं, चष्मा कपाळावर चढवला, सालाच्या खाली बघितलं. मग पानासारखं उलटलं. आणि पैशांच्या बॅगेत न टाकता शर्टाच्या वरच्या खिशात ठेवून बटण लावलं.

"काय होतं त्यात?" मी विचारलं.

"काका, असली अजून आहेत का घरी?"

"असली म्हणजे कसली?"

"असलीच," तो म्हणाला, आणि त्याने डबल बेल मारली.