पवई खरेच ओसाड होती काय?

‘पवईचा तलाव निसर्गाने दिला, 1980 पर्यंत त्याच्या काठी ओसाड टेकड्या आणि दगडखाणी यांखेरीज काहीच नव्हते आणि एका बिल्डरने शून्यातून तेथे शहर उभे केले’ अशा आशयाचा मजकूर जुन्या-नव्या छायाचित्रांच्या जोडीसह समाजमाध्यमांवर वरचेवर फिरत असतो. त्यातली खाणींची गोष्ट खरी आहे. बाकीची तिन्ही विधाने टिकण्याजोगी नाहीत.

तलावाचा प्रश्न चटकन निकालात निघतो. विहार आणि तुळशी या तलावांचे पाणी मुंबईला पुरेनासे झाले, तेव्हा मुंबईच्या नगरपालिकेने टेकड्यांमधला ओढा बांध घालून अडवला आणि 1891 मध्ये पवईचा तलाव पुरा केला. पाणी मात्र पिण्याजोगे निघाले नाही. शिवाय पुढच्याच वर्षी तानसाचे पाणी शहरात आले आणि पवईची गरज उरली नाही. पावसाळ्यात तलाव भरला की या बांधावरून पाणी सांडते आणि पुढे विहारच्या सांडव्याला मिळून मिठी नदीत वाहते. निसर्गाचे म्हणायचे तर त्या ओढ्याला म्हणावे.

‘काहीच नव्हते’ हे विधान अधिक गंभीर आहे, कारण ते तिथल्या माणसांनाच पुसून टाकते. पवई, तिरंदाज, कोपरी, साकी, पासपोली आणि तुंगवे ही साष्टीतली जुनी गावे. साकीनाक्याच्या वाहतूक कोंडीत अडकणारा प्रत्येक जण यांपैकी एकाचे नाव रोज घेतो. बाकीची नावे पाट्यांवरून गेली असली, तरी दप्तरातून गेलेली नाहीत. पवईच्या उंच इमारतीत घर घेतलेल्याने आपल्या करारनाम्याचे मागचे परिशिष्ट उघडून पाहावे. इमारतीचे नाव काहीही असो, जमिनीच्या वर्णनात बहुधा ‘मौजे तिरंदाज’ किंवा ‘मौजे कोपरी’ असेच लिहिलेले सापडेल.

या गावांची पवई इस्टेट 1829 मध्ये फ्रामजी कावसजी बनाजी यांनी कंपनी सरकारकडून पट्ट्याने घेतली. धोबीतलावावरच्या फ्रामजी कावसजी हॉलला ज्यांचे नाव आहे, तेच हे गृहस्थ. त्यांनी येथे ऊस, कापूस, नीळ आणि रेशमासाठी तुती यांचे प्रयोग केले आणि आंब्याच्या बागा लावल्या. 1838 मध्ये त्यांनी व्हिक्टोरिया राणीला आंबे पाठवले, ही गोष्ट नोंदलेली आहे. तलाव बांधला जाण्यापूर्वीची ही पन्नासएक वर्षे! आंब्याचे झाड जगवायला पाणी घालणारा, राखण करणारा माणूस लागतो, हे निदान कोकणात तरी समजावून सांगावे लागू नये. तलावाच्या परिसरातल्या एका आदिवासी पाड्याला आजही पेरूबाग म्हणतात. ओसाड माळाला असे नाव कोणी देत नाही.

आता ‘शून्य’. लार्सन अँड टुब्रोने पवईत दलदलीची आणि झाडीची 55 एकर जमीन घेतली ती 1948 मध्ये. भारतीय तंत्रज्ञान संस्था 1958 मध्ये सुरू झाली आणि पुढच्या वर्षी पंडित नेहरूंच्या हस्ते तलावाकाठी तिची पायाभरणी झाली. या संस्थेला युनेस्कोमार्फत सोव्हिएत संघाची मदत होती. म्हणजे मजकुरातल्या बिल्डरच्या ‘शहरा’चे, हिरानंदानी संकुलाचे, काम सुरू होण्यापूर्वी सुमारे तीन दशके येथे कारखाना, वसतिगृहे आणि कर्मचाऱ्यांच्या वसाहती नांदत होत्या. त्या संकुलाचे आखीव रस्ते आणि जोपासलेली झाडे यांचे श्रेय विकासकाला द्यायला माझी ना नाही. पण ज्या जमिनीवर ते उभे राहिले, तिचा हिशेब कौतुकाच्या मजकुरात कधीच येत नाही. 1986 मध्ये राज्य शासन, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि विकासक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. जमीन हेक्टरी 1 रुपया अशा नाममात्र भाड्याने देण्यात आली आणि त्या बदल्यात निम्मी घरे 40 चौरस मीटरपर्यंतची व उरलेली 80 चौरस मीटरपर्यंतची असावीत, अशी अट घातली गेली. प्रत्यक्षात शेजारची घरे जोडून मोठे फ्लॅट झाले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. उरलेल्या जमिनीवर आधी ती लहान घरे बांधा, मगच दुसरे बांधकाम करा, असा आदेश न्यायालयाने 2012 मध्ये दिला.