पिशवी डिकीत, पोर घाटात
गणपतीला चिपळूणला निघायचं. पाटणला पोराला मिसळ चारायची, वर ग्लासभर दूध, हातात मोबाईल. मग कुंभार्ली घाटाच्या तिसऱ्या वळणावर ‘अगं, उलटीची पिशवी कुठंय?’ पिशवी डिकीत, मोदकाच्या पिठाखाली! दरवर्षी तेच. गाडी लागू नये म्हणून द्यायची गोळीही तेव्हाच आठवते. अहो, ती डॉक्टरांना विचारून घाटाच्या तासभर आधी द्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर दिलेली तिच्यासकट बाहेर येते. कान सांगतो गाडी वळतेय, डोळे स्क्रीनला चिकटलेले, पोट ढवळणारच ना? मोबाईल काढून घ्या, काच खाली करा, नजर लांबच्या डोंगरावर. खायला कोरडी पोळी पुरे. आणि पोचल्या पोचल्या आजी: ‘किती सुकलाय गो! आधी दोन मोदक खा.’