प्रेमात हिशोब नसतो म्हणे!

‘खरं प्रेम असतं तिथे पैशाचा हिशोब नसतो’ अशा सुरुवातीचा मजकूर अधूनमधून फिरत असतो. त्याचा सारांश असा: पैशाचा विषय काढला की दुरावा येतो, म्हणून सगळं एका खात्यात टाका, ज्याला कळतं त्याने व्यवहार बघावेत, आणि मिळकत वाढली की कुरबुरी आपोआप थांबतात. वाचायला गोड आहे. आता एकेक मुद्दा बघू.

विषय काढला की दुरावा येतो. लॉरेन पॅप आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १०० जोडप्यांनी आपल्या भांडणांच्या नोंदी ठेवल्या होत्या. पैसा हा सर्वाधिक वेळा निघणारा विषय नव्हता. पण पैशावरून झालेले वाद जास्त चिघळले, पुन्हा पुन्हा निघाले आणि मिटले नाहीत. तेही तोडगा काढायची धडपड जास्त होऊनसुद्धा. माझ्या मते याचं कारण असं, की तोडगा रकमेवर शोधला जातो आणि दुखणं दुसरीकडेच असतं. ‘केवढ्याला पडलं?’ हा साधा प्रश्न घ्या. विचारणाऱ्याने लहानपणी वसुलीला दारात उभे राहिलेले घेणेकरी पाहिलेले असतात; त्याला फक्त खात्री हवी असते. ऐकणारीला मात्र प्रत्येक पैशाचा जाब विचारणारे वडील आठवतात. ती किंमत कमी करून सांगते, पुढच्या वेळी पिशवीच लपवते. तो दारातला माणूस आणि ते वडील एकदा बोलण्यात आल्याशिवाय इथे कुठलंही बजेट टिकणार नाही.

सगळं एका खात्यात टाका. इथे निम्मे गुण द्यायला हवेत. जेनी ओल्सन आणि सहकाऱ्यांनी २३० नवविवाहित किंवा लग्न ठरलेल्या जोडप्यांवर प्रयोग केला. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. संयुक्त खातं वापरायला सांगितलेल्या जोडप्यांचं नातं दोन वर्षांनीही इतरांपेक्षा चांगलं टिकून होतं. पण जिथे एकजण दुसऱ्याचा पगार काढून घेतो, पावत्या मागतो, तिथे हा सल्ला सरळ धोक्याचा आहे. तो आर्थिक छळ असतो, आणि अशा वेळी स्वतःच्या नावावरचं खातं हाच आधार असतो. बाकीच्यांनीही जाब न देता खर्चायची थोडी रक्कम दोघांकडे वेगळी ठेवलेली बरी.

ज्याला कळतं त्याने बघावं. एड्रियन वॉर्ड आणि जॉन लिंच यांच्या २०१९ च्या अभ्यासात उलटं दिसलं. हे काम कोणाकडे जातं ते सुरुवातीच्या जाणकारीवर ठरत नाही. काम पडतं त्याची समज वर्षागणिक वाढते, दुसऱ्याची तिथेच राहते. मग आजारपण, मृत्यू किंवा घटस्फोट आला की विमा कुठला, कर्ज किती, पासवर्ड काय, सगळंच अंधारात.

मिळकत वाढली की कुरबुरी थांबतात. महिनाअखेर खरोखर भागत नसेल तर पैसा वाढल्याने ताण हलका होतो, आणि अशा घराला ‘भावनांवर काम करा’ सांगणं म्हणजे चेष्टाच. पण पैसा सोडताना जीव तुटणारे आणि सढळ हाताने उधळणारे बऱ्याचदा एकमेकांशीच लग्न करतात आणि मग पैशावरून जास्त भांडतात, असं स्कॉट रिक आणि सहकाऱ्यांना २०११ साली आढळलं होतं. पगार वाढला की एकाला सहल दिसते, दुसऱ्याला कर्जाचा हप्ता. खर्चाची यादी करायच्या आधी एकमेकांना एवढं तरी विचारून बघा: यातले किती पैसे बाजूला ठेवले की तुला रात्री शांत झोप लागेल?