मागचा टाळकरी

अण्णांना पंचाहत्तरीनिमित्त स्वतःच्या आवाजातले चार अभंग नातेवाइकांना वाटायचे होते, बुंदीच्या लाडवांबरोबर. मी स्टुडिओचे दर विचारून आलो आणि म्हणालो, "अण्णा, घरी लॅपटॉप आहे की!" या वर्षात माझ्या तोंडून निघालेलं हे सगळ्यात महागडं वाक्य.

लॅपटॉप आठ वर्षांचा. वीजबिल उघडलं तरी धापा टाकतो. त्यात ऑफिसातल्या एका हौशी गिटारवाल्यानं सल्ला दिला, "रेकॉर्डिंग ९६ किलोहर्ट्झवरच कर, डिटेल येतं." म्हणजे सेकंदाला ९६,००० वेळा आवाज मोजायचा; अशा एकेका मोजणीला नमुना म्हणतात. सीडी १९८२ साली बाजारात आली तेव्हापासून सेकंदाला ४४,१०० नमुन्यांवर सुखानं भागवते आहे. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि त्याच्या दुपटीहून थोडे जास्त नमुने घेतले की पुरतं. तरी मी ९६ लावलं. प्रोसेसरचं काम दुपटीहून वाढलं आणि जो जादा तपशील हाती लागला तो वटवाघळांच्या उपयोगाचा. आमच्या नात्यात, एकदोन अपवाद सोडले तर, वटवाघळं नाहीत. मुकाट्यानं ४४.१ वर परतलो.

मे महिना. बेडरूमच्या खिडक्या बंद, छताचा पंखा बंद, दाराला गोधडी. अण्णांच्या कानांवर हेडफोन. पहिली ओळ म्हणून ते थांबले.

"हा मागचा टाळकरी कोण?"

"कुठला टाळकरी?"

"अरे, मी 'विठ्ठल' म्हटलं की माझ्या मागून एकजण 'विठ्ठल' म्हणतो. लयीत नाही गाढव."

गोष्ट अशी की सॉफ्टवेअर आवाज थेंबाथेंबानं घेत नाही, बादलीनं उचलतं. त्या बादलीला म्हणायचं बफर. १०२४ नमुन्यांची बादली भरायला २३ मिलिसेकंद लागतात. येताना एक, जाताना एक, म्हणजे झाले ४६. एवढ्यात अण्णांचा स्वतःचाच आवाज टाळकरी होऊन मागे उभा राहतो. मी बादली ६४ ची केली. टाळकरी पळाला. पण आता प्रोसेसरला सेकंदाला जवळजवळ सातशे बादल्या भरून द्यायच्या होत्या, आणि एक जरी उशिरा पोचली की आवाजात 'टक्'. बऱ्याच उशिरा पोचत होत्या.

"टाळकरी गेला," अण्णा म्हणाले, "पण कोणीतरी मोहरी तडतडवतंय."

१२८ वर तह झाला. लगेच पुढची तक्रार. "आवाज कोरडा लागतो रे. देवळात कसा गोल लागतो!"

तो गोलपणाही सॉफ्टवेअरमध्ये मिळतो. एखाद्या खऱ्या वास्तूत फुगा फोडतात, त्याचा घुमारा विरेपर्यंत टिपून ठेवतात, आणि मग तुमच्या आवाजाचा प्रत्येक नमुना त्या घुमाऱ्यातून फिरवतात. तीन सेकंदांचा घुमारा म्हणजे १,३२,३०० नमुने. सरळ पद्धतीनं करायचं तर सेकंदाला ५८३ कोटी गुणाकार! गणितज्ञांनी यावर सुंदर पळवाटा शोधल्या आहेत, पण बादली जितकी लहान तितकी पळवाट लांबची. मी सगळ्यात भव्य देऊळ निवडलं, दर्जा 'सर्वोत्तम' ठेवला. अण्णांचा चेहरा उजळला. प्रोसेसरचा काटा ४० वरून ८८ टक्क्यांवर गेला आणि लॅपटॉपच्या पोटातला पंखा सुरू झाला.

तो पंखा माइकमध्ये येऊ लागला.

पंखा काढायला मी गोंगाट पुसणारं प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला वरून जोडायचं एक ठिगळ, लावलं, अर्थात 'सर्वोत्तम'वर. काटा ९७ वर. पंखा आणखी जोरात. प्लगइनचा जोर वाढवला, तर पंखा तेवढाच राहिला आणि अण्णा पिंपात तोंड घालून गाताहेत असं वाटू लागलं. म्हणजे आवाज सुधारायला जे लावावं त्यानं पंखा वाढायचा, आणि पंखा घालवायला जे लावावं त्यानंही पंखाच वाढायचा. घामानं निथळणारे अण्णा म्हणाले, "त्या यंत्राला पंखा आहे, माणसांना नाही. चांगलं आहे."

शेवटी जाणत्यांची रीत पत्करली. रेकॉर्डिंग कोरडंच करायचं. अण्णांच्या हेडफोनात त्यांची समजूत घालण्यापुरतं एक हलकं, स्वस्तातलं देऊळ सोडायचं. खरं देऊळ नंतर चढवायचं. नंतर घाई नसते. पाच मिनिटांचा अभंग तयार करायला लॅपटॉपनं वीस मिनिटं घेतली तरी 'टक्' होत नाही आणि पंखा हवा तितका बोंबलू दे, माइक बंद असतो. राहता राहिला लॅपटॉपचा ताप. त्यासाठी मी स्वयंपाकघरातून आईचा संगमरवरी पोळपाट आणून त्याच्याखाली ठेवला. दगड गार, पंखा गप्प. एवढी शांतता त्या खोलीत पंधरा दिवसांत नव्हती.

तीन अभंग उत्तम झाले. चौथ्यात अण्णा रंगात आले, डोळे मिटले, शेवटची तान घेऊन खाली उतरत होते, आणि गोधडीपलीकडून आवाज आला.

"अरे, पोळपाट दे आता, एक वाजला!"

पुन्हा म्हणायला अण्णांनी साफ नकार दिला. गोंगाट पुसणारं प्लगइन पंख्यासारखी एकसुरी घरघर ओळखतं. आईला ते ओळखेना. आणि रात्री देऊळ चढवलं तेव्हा लक्षात आलं की देवळाला भक्त आणि स्वयंपाकीण यांत फरक कळत नाही. दगडी गाभाऱ्यातून, पूर्ण तीन सेकंद, सर्वोत्तम दर्जात घुमलं, "पोळपाऽऽट... वाजलाऽऽ..."

मी घाबरत अण्णांकडे पाहिलं. त्यांनी डोळे न उघडता मांडीवर थाप दिली.

"हा टाळकरी बघ. बरोबर समेवर आला."