‘एचआयव्ही पेशी मारत नाही’ : अर्धं खरं, म्हणूनच घातक

सांगली-मिरजेकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय : “एचआयव्ही पेशींना मारत नाही, पेशी स्वतःच मरतात. ते थांबवणारं चूर्ण घ्या, सीडी४ वाढला की एआरटी बंद करा.” (सीडी४ म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, रक्तातली त्यांची संख्या मोजतात; एआरटी म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी रोजची औषधं.)

पेशी स्वतःच मरतात? बहुतांशी हो. पण त्यांना तिथवर नेतं कोण? सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन संस्थेने टॉन्सिल आणि प्लीहेच्या ऊतींवर केलेलं काम २०१४ मध्ये छापून आलं. तिथे मरणाऱ्या सीडी४ पेशींपैकी ९५ टक्क्यांहून जास्त पेशींमध्ये विषाणू शिरला होता, पण आरएनएवरून डीएनए बनवण्याचं त्याचं काम अर्धवट राहिलं होतं. या अर्धवट डीएनएचा सुगावा आयएफआय१६ या प्रथिनाला लागतो, कॅस्पेस-१ हे विकर (एन्झाइम) जागं होतं आणि पेशी फुगून फुटते. हे पायरोप्टोसिस. फुटताना सूज आणणारी द्रव्यं सांडतात, त्यांच्या मागे नव्या सीडी४ पेशी येतात आणि त्याही त्याच फेऱ्यात सापडतात. ज्या थोड्या पेशींत विषाणूची पैदास होते, त्या कॅस्पेस-३ च्या मार्गाने मुकाट्याने मरतात, तो अपोप्टोसिस. विषाणू आत शिरलाच नाही, तर यातलं काहीच सुरू होत नाही.

आता चूर्ण. कॅस्पेस-१ अडवणाऱ्या एका रसायनाने प्रयोगशाळेतल्या ऊतींमध्ये पेशी वाचल्या, हे खरं. पण एचआयव्हीसाठी असं मान्यताप्राप्त औषध आज नाही, चूर्णाचं तर सोडाच. शिवाय विषाणू घेऊन जगून राहणाऱ्या पेशी हीच खरी डोकेदुखी आहे : सुप्त विषाणू त्यांच्यातच वर्षानुवर्षं दडून बसतो. त्यात चूर्णात लोह किंवा कॅल्शियम असेल, तर ते उपाशीपोटी गोळीसोबत घेतल्यास टीएलडी या एआरटीच्या गोळीतलं डोल्युटेग्राव्हिर हे औषध नीट शोषलं जात नाही. एआरटीची गोळी चूर्णाच्या दोन तास आधी घ्या किंवा सहा तासांनंतर. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या जेवणासोबत असतील तर एकत्र चालतं. मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियमवालं अ‍ॅन्टासिड मात्र जेवणासोबतही नको, तिथे अंतर ठेवावंच लागतं.

“सीडी४ वाढला, गोळी बंद” हा सल्ला तर मोठ्या चाचणीत तपासून झालाय. ‘स्मार्ट’ चाचणीत ५,४७२ जण होते, सगळ्यांचा सीडी४ ३५० च्या वर. निष्कर्ष २००६ मध्ये आले : सीडी४ बघून गोळ्या थांबवणाऱ्या गटात संधिसाधू आजार (प्रतिकारशक्ती खचल्यावर जडणारे) किंवा मृत्यूचा धोका सुमारे अडीच पट निघाला. गोळी थांबली की बहुतेकांत काही आठवड्यांतच विषाणू रक्तात परत दिसतो.

मेसेज वाचून कुणी गोळ्या सोडल्या असतील, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. कार्ड आणि उरलेल्या गोळ्या घेऊन एआरटी केंद्रावर जावं, किती दिवस खंड पडला ते खरं सांगावं आणि व्हायरल लोड (रक्तातला विषाणू मोजणारी चाचणी) कधी करायचा ते विचारून घ्यावं.