मागं चार गिअर लावून ताकद वाढते होय?

निपाणीपासून खानापूरपर्यंत सायकलला मोटर बसवणाऱ्यांच्या मोबाईलवर एक निरोप फिरतोय: 'मोटरसायकलला पाच गिअर, मग मोटरच्या सायकलला एकच का? मागच्या चाकाला तीन-चार स्प्रॉकेट (चेनच्या दातेरी चकत्या) ओळीनं बसवा. वेग दुप्पट, चढ सोपा, बॅटरी दीडपट. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर शे-दोनशेत काम होतं.'

आधी तो 'का'. पेट्रोलचं इंजिन ठरावीक फेऱ्यांतच नीट ओढतं, म्हणून त्याला पाच गिअर. विजेची मोटर उभ्या जागेवरूनच सगळ्यात जास्त जोर लावते. आणि लुना काय गिअरवर चालायची?

वेग दुप्पट? आपल्याकडं बसवतात ती २५० वॉटची मोटर धरा. मिनिटाला ३३० फेरे, तिला ९ दात, मागच्या फ्रीव्हीलला (एकाच बाजूनं ओढणाऱ्या, उलट मोकळं फिरणाऱ्या चकतीला) १८. २६ इंची चाकाला ताशी २० किलोमीटर पडतात. सांबऱ्याच्या सपाट रस्त्यावर २० ला शंभरएक वॉट पुरतात. ४० ला वाराच इतका अडवतो की पाचशेच्या वर लागतात. ते कुठून आणणार? मागचे दात कमी केले की वेगाचा हिशेब जुळतो, ताकद येत नाही. शिवाय २५ च्या पुढं गेलात की कायद्यानं ती सायकल उरत नाही. नंबर प्लेट आणि लायसन्स आलं.

चढाचं मात्र खरं आहे. १८ च्या जागी २४ दात लावले तर ओढ तिसऱ्या हिश्शानं वाढते, वेग १५ वर येतो आणि मोटर रखडून तापत नाही. तरी माणूस, सायकल, बॅटरी मिळून शंभर किलो आणि शंभराला सहाचा चढ असला, तर त्या १५ ला नुसतं वर चढायलाच २४५ वॉट जातात. म्हणजे पायडल मारायचंच.

खरी गोम 'ओळीनं बसवा' यात आहे. मीही १८ आणि २४ शेजारी शेजारी बसवले होते. मोठ्यावर चेन तीन कड्यांनी आखूड पडली. वाढवली, तर धाकट्यावर सैल. तिसऱ्या रेल्वे गेटजवळ उतरली, आऱ्यांत गुंतली, चार आरे गेले. गिअर बदलायला चेन ताणून धरणारा, बाजूला सरकवणारा डिरेलर लागतो. सायकलला पेट्रोलचं इंजिन बसवायच्या किटची जाड चेन तर त्यावर चालणारच नाही: ती आतून ४.८ मिलिमीटर, गिअरच्या सायकलची २.४. आणि लेथवर नुसती चकती निघते बरं का! दात पाडायचं मशीन वेगळं, मग दात कडक करणं वेगळं. शे-दोनशेत कोण देतंय, मर्दा?

गिअर हवेतच, तर मोटरचा जोर पुढच्या क्रँकवर, म्हणजे पायडलच्या दांड्यावर आणा. मग उजवीकडचे पायडलचेच गिअर मोटरलाही मिळतात. क्रँकला फ्रीव्हील हवं, नाहीतर मोटरबरोबर पायडल फिरून नडगी फोडतं. गिअर टाकताना ॲक्सिलेटर सोडायचा. चेन लवकर झिजते, ते धरून चाला. हब मोटरवाल्यांनी मात्र या भानगडीत पडूच नये. मोटर चाकातच, तिला तुमच्या गिअरचा पत्ताही नसतो.

बॅटरी टिकते ती सावकाश गेल्यानं.

माझ्या सायकलला आता एकच २२ दाती फ्रीव्हील आहे. १७ च्या पुढं पळत नाही, आणि राजहंसगडाला अजूनही निम्म्यावर उतरून ढकलावी लागते.