नवी भाजी मसाल्यात बुडवू नका

कच्चं पर्सिमन खाल्लंय कधी कुणी? मी खाल्लंय. ते कच्चं आहे हे अर्थातच मला ठाऊक नव्हतं. दिसायला केशरी, तुकतुकीत, टोमॅटोच्या नात्यातलं वाटावं असं. हाताला घट्ट लागलं आणि घट्ट म्हणजे ताजं, एवढंच माझं फळशास्त्र. सफरचंदासारखी फोड केली, तोंडात टाकली. क्षणभर गोड लागलं आणि मग जीभ, गाल, टाळू सगळं एकदम आखडलं. तोंडात कुणीतरी खडूची पूड फुंकावी तसं. वर दोन पेले पाणी प्यालो, काही फरक नाही. लेक समोर बसून खिदळत होती आणि मला तिच्यावर ओरडताही येईना.

ते फळ मी कचऱ्यात टाकलं आणि पुढे वर्षभर भेटेल त्याला सांगत सुटलो की पर्सिमन हा भिकार प्रकार आहे.

नंतर कळलं की चूक फळाची नव्हती. या फळाच्या दोन तऱ्हा असतात. फुयू जातीचं फळ चपटं असतं आणि ते घट्ट असतानाच खातात. हाचिया हे खाली निमुळतं, बोंडासारखं. ते पूर्ण मऊ, अगदी लिबलिबीत होईपर्यंत थांबावं लागतं, कारण तोवर त्यात विरघळणारं टॅनिन भरपूर असतं. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि तोंड कोरडंठाक पडतं. कातडं कमावायला वापरतात त्याच घराण्यातली ही द्रव्यं. म्हणजे मी त्या दिवशी स्वतःची जीभ कमवायला बसलो होतो. फळ पिकलं की हेच टॅनिन अविद्राव्य होतं आणि तुरटपणा जातो. पुढच्या मोसमात हाचिया आणलं, केळ्यांच्या शेजारी ठेवून दिलं आणि विसरलो. आठवड्याभरात पिशवीत पाणी भरावं तसं झालं. चमच्याने खाल्लं. काहीही घातलं नव्हतं. इतका मऊ, मधासारखा गोडवा मी दुसऱ्या कुठल्या फळात चाखलेला नाही.

तेव्हापासून माझं एक मत बनलंय आणि ते आज जरा विस्ताराने मांडतो. अनोळखी भाजी किंवा फळ आवडलं नाही, तर निम्म्या वेळा दोष त्याचा नसतो. आपण ते चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या पद्धतीने खाल्लेलं असतं. आणि त्याहून मोठी खोड म्हणजे नवी भाजी घरात आली रे आली की तिला आपल्या नेहमीच्या मसाल्यात बुडवायचं. मग ताटात जे येतं त्याला मसाल्याची चव असते, आणि आपण म्हणतो, 'ठीक आहे, पण विशेष काही नाही.' अहो, विशेष लागणार कसं? पाहुण्याला तोंड उघडूच दिलं नाही आणि वर म्हणायचं की माणूस फार अबोल आहे!

माझ्या घरी आता एक साधा नेम आहे. नवी भाजी पहिल्यांदा शिजवताना फक्त मीठ, थोडं तेल आणि काहीतरी आंबट, बहुधा लिंबू. फार तर मिरपूड. बस. ती मुळात कशी लागते हे एकदा कळलं की पुढे तिला कशात घालायचं ते घाला. आणि तिला तीन खेपा द्यायच्या. एकदा कच्ची (कच्ची खाण्याजोगी असेल तरच, त्याबद्दल पुढे बोलतो), एकदा खरपूस भाजलेली, एकदा वाफवून किंवा सूप करून. तिन्ही वेळा नाही आवडली, तर मग खुशाल नाकं मुरडा.

ब्रसेल्स स्प्राउट्सचंच घ्या. पहिल्या वेळी मी ते चांगले पंचवीस मिनिटं उकळले. घरभर असा वास सुटला की बायकोने न बोलता सगळ्या खिडक्या उघडल्या. कोबीच्या कुळातल्या भाज्यांत गंधकयुक्त द्रव्यं असतात. जितकं जास्त उकळाल तितका तो वास वाढत जातो. दुसऱ्या खेपेला अर्धे कापले, तेल-मीठ चोळलं, कापलेली बाजू खाली ठेवून २०० अंश सेल्सिअसला वीस-बावीस मिनिटं ओव्हनमध्ये भाजले. कडा करपट तपकिरी, आतून गोडसर. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत झाकण न ठेवता, न हलवता तसेच राहू द्या. न हलवणं महत्त्वाचं. माझा हात सारखा उलथन्याकडे जातो, तुमचाही जाईल. तिसऱ्या खेपेला बारीक चिरून कच्चेच, लिंबू आणि मीठ लावून दहा मिनिटं ठेवले. लेकीने ते भाजलेल्यांपेक्षा जास्त खाल्ले, का ते मला अजून उमगलेलं नाही. आणि ज्यांनी लहानपणी हे खाऊन कानाला खडा लावला असेल त्यांना सांगतो, की भाजीही बदलली आहे. १९९०च्या दशकात नेदरलँड्समध्ये संशोधकांनी तिच्या कडवटपणामागची द्रव्यं नेमकी हुडकली, आणि बियाणं तयार करणाऱ्यांनी मग कमी कडू जाती पुढे आणल्या.

याच कुळातली नवलकोल ही माझी सगळ्यात लाडकी. ती बघून कुणालाही खावीशी वाटणार नाही हे मान्य. हिरवा चेंडू, त्यातून कशाही फुटलेल्या दांड्या, परग्रहावरून पडल्यासारखी. पण ते कंद नाही, फुगलेलं खोड आहे. कोबी, फुलकोबी, ब्रोकोली, केल, ब्रसेल्स स्प्राउट्स आणि नवलकोल ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकच प्रजाती आहे. माणसाने पिढ्यानपिढ्या कुणाचं पान वाढवलं, कुणाचा फुलोरा, कुणाचं खोड. तिची साल मात्र कंजूषपणा न करता काढा, कारण सालीखाली दोऱ्यांचा एक थर असतो आणि तो राहिला की खाणारा चघळतच बसतो. मग पातळ चकत्या, मीठ, लिंबू. काकडीची कुरकुर आणि ब्रोकोलीच्या दांड्याची गोडी. पानं कोवळी असतील तर तीही परतून खाता येतात, टाकू नका.

बडीशेपेचा गड्डा (हो, फेनेल) आमच्या घरात भांडणाचा विषय आहे. बायकोला त्याचा वास मुखवासासारखा वाटतो आणि जेवणात तो नको असतो. कच्चा खायचा तर कागदासारखा पातळ कापून संत्र्याच्या फोडींबरोबर, वरून मीठ आणि तेलाचे चार थेंब. हे मला आवडतं. तिला नाही. पण जाड फोडी करून मंद आचेवर अर्धा तास मऊ होऊ दिल्या की तो वास मागे सरतो, गोडवा पुढे येतो, आणि तिचीही तक्रार थांबते. म्हणून म्हणतो, तीन खेपा.

अर्थात सगळंच कच्चं खाता येत नाही. या बाबतीत मी कट्टर आहे. नवं काही आणलंत तर चवीच्या आधी एकच चौकशी करा, की हे कसं आणि कुठला भाग खायचा असतो. रुबार्बचा दांडा खातात, पानं विषारी. कसावा (ज्याचा साबुदाणा करतात तो कंद) कच्चा खायचाच नाही, त्यात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. सोलून नीट शिजवावा लागतो. स्टारफ्रूट कापल्यावर सुंदर चांदण्या दिसतात, पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने त्याला हातही लावू नये. त्यातलं एक द्रव्य मेंदूवर विषासारखं काम करतं. निरोगी मूत्रपिंड ते बाहेर टाकतं, आजारी मूत्रपिंडाला ते जमत नाही.

आणि ग्रेपफ्रूट. आई रक्तदाबाची गोळी घेते. मी हौसेने ग्रेपफ्रूट आणलं, सोलून तिच्यासमोर ठेवलं, आणि तिनेच गोळ्यांच्या पाकिटातली चिठ्ठी काढून दाखवली. 'वाच आधी,' म्हणाली. त्यात चक्क लिहिलं होतं, हे फळ खाऊ नये. यामागची कथा मोठी गमतीची आहे. कॅनडात डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो ते तपासत होते. मद्याची चव लपावी म्हणून त्यांनी ते ग्रेपफ्रूटच्या रसात मिसळलं. औषधाची रक्तातली पातळी भलतीच चढली. शोधाशोध केल्यावर कळलं की करामत रसाची होती. आतड्यात काही औषधांची मात्रा कमी करणारं एक विकर (एन्झाइम) असतं, ग्रेपफ्रूट त्यालाच गप्प बसवतं. हे १९८९ मध्ये प्रसिद्ध झालं. चव लपवायला गेले आणि काय सापडलं बघा. काही कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनाही ते चालत नाही. घरात कुणाला रोजचं औषध असेल तर डॉक्टरांना किंवा औषध देणाऱ्याला विचारायला दोन मिनिटं लागतात.

किवीचा माझा धडा निरुपद्रवी होता. रात्री दह्यात किवीच्या फोडी घालून ठेवल्या, सकाळी हाताशी तयार नाश्ता! सकाळी वाडग्यात पातळ, कडवट पाणी. किवीत ॲक्टिनिडिन नावाचं विकर असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं. खायच्या क्षणी घाला, काही होत नाही. हेच फळ मुळात चीनचं. १९०४ मध्ये त्याचं बी न्यूझीलंडला गेलं, तिथे त्याला चायनीज गूजबेरी म्हणत, आणि १९५९ मध्ये निर्यातीसाठी 'किवी' असं बारसं झालं. नाव बदललं आणि जगभर पोचलं. यावरून आठवलं, ड्रॅगन फ्रूट. नाव ड्रॅगन, कपडे ड्रॅगनचे, चव ओल्या कापसाची. लिंबू पिळून, थंड करून खाल्लं तर बरं लागतं, पण त्याच्या नावाने जे गोडवे गायले जातात ते मला कळत नाहीत. (लाल गराचं खाल्लंत तर दुसऱ्या दिवशी स्वच्छतागृहात घाबरू नका, रंग त्याचाच असतो. बीटचंही तसंच.)

इथेच माझी खरी चिडचिड आहे. 'सुपरफूड' हा शब्द. ही विज्ञानातली संज्ञा नाही, दुकानदारीतली आहे. एखादं फळ खाल्लं की त्वचा उजळते, चरबी वितळते, म्हातारपण लांबतं, असं म्हणत ते नाक दाबून गिळायचं, दोन आठवड्यांत कंटाळायचं आणि पुढच्या फळामागे धावायचं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला तसा कंटाळवाणा आहे. दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं आणि भाज्या, आणि त्यात बटाट्यासारखे पिठूळ कंद धरायचे नाहीत. त्यात कुठल्याही एका फळाचं नाव नाही. मी नव्या भाज्या आणतो त्या चारशे ग्रॅम रोज कंटाळा न येता पोटात जावेत म्हणून. औषध म्हणून नाही.

आणि कुतूहल म्हणूनही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या २०१९च्या अहवालातले आकडे वाचून मी चाट पडलो. माणसाने अन्नासाठी लागवडीला आणलेल्या वनस्पती सुमारे ६,०००. त्यातल्या जेमतेम दोनशे उत्पादनात नाव घेण्याजोग्या. आणि एकूण पीक उत्पादनातला ६६ टक्के वाटा फक्त नऊ पिकांचा. सहा हजारांचा दरबार आणि आपण नऊ जणांशीच बोलतोय.

'पण मुलं खात नाहीत हो' ही तक्रार मला दर वेळी ऐकू येते. नाहीच खाणार. साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयात नव्या अन्नाची भीती सर्वांत जास्त असते. जे काही दिसेल ते तोंडात घालणारं पोर जंगलात फार टिकलं नसतं. लहान मुलांवरच्या प्रयोगांत असं दिसलंय की नवी चव स्वीकारायला आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा ती चाखावी लागते. आपण दुसऱ्या 'ई'लाच शिक्का मारतो. माझ्या लेकीला मी एकच गोष्ट सांगितली होती, एक घास घे, गिळला नाहीस तरी चालेल. ताटाजवळ एक रिकामी वाटी ठेवायची, थुंकायला. पहिल्या महिन्यात ती वाटी भरत होती. आणि खरं सांगायचं तर एकदा मीही वापरली आहे.

ती जेरुसलेम आर्टिचोकच्या वेळी नव्हे. तो प्रकार चवीला फारच छान. जेरुसलेमशी त्याचा संबंध नाही आणि तो आर्टिचोकही नाही, सूर्यफुलाच्या भावकीतला उत्तर अमेरिकेतला कंद आहे. भाजला की बदाम आणि बटाटा यांच्या मधली चव. पण त्यात इन्युलिन नावाचं तंतुमय द्रव्य ठासून भरलेलं असतं, आणि पोटातले जीवाणू त्याच्यावर तुटून पडतात. जॉन गुडयर या इंग्रज वनस्पती अभ्यासकाने १६२१ मध्येच लिहून ठेवलंय की कसाही शिजवा, हा पोटात घाणेरडा वारा धरतो आणि माणसांपेक्षा डुकरांना जास्त शोभतो. मी हे वाचलं ते वाडगाभर सूप प्यायल्यानंतर. पहिल्यांदा करत असाल तर दोन-तीन छोटे तुकडे, आणि दुसऱ्या दिवशी बाहेर कुठे महत्त्वाची बैठक नाही ना ते बघून.

वाटी वापरली ती सेलेरिॲकच्या वेळी. खडबडीत, मातकट, डोक्याएवढा गड्डा. पहिल्या खेपेला जाड कापून कच्चा खाल्ला, घोटाळा तिथेच झाला. दुसऱ्या खेपेला किसून, लिंबू लावून दह्यात कालवला तर बरा लागला, पण लेकीने मान हलवली ती नकाराचीच. उरलेला अर्धा फ्रीजमध्ये आहे. आज संध्याकाळी एका सफरचंदाबरोबर त्याचं सूप करतोय. तिसरी खेप. वाटी ताटाजवळ असेलच.